लाकडी पिंपांची मालगाडी: वाइन वाहणारे जुने रेल्वेडबे

रुळवेडा

चार चाकांचा साधा सपाट मालडबा. त्यावर ओकच्या लाकडाची दोन भलीमोठी पिंपं आडवी ठेवलेली, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली आणि सळ्यांनी खालच्या सांगाड्याला जखडलेली. अनेक डब्यांच्या एका टोकाला उंचावर ब्रेकमनचं, म्हणजे हाताने ब्रेक लावणाऱ्या कामगाराचं खोपटं, आत जेमतेम एक माणूस मावेल एवढं. फ्रान्समध्ये या डब्याला ‘वॅगों-फूद्र’ म्हणत, दोन पिंपांचा असेल तर ‘बी-फूद्र’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत दक्षिण फ्रान्सची वाइन उत्तरेला गेली ती फार मोठ्या प्रमाणावर अशा डब्यांतून.

इंजिनांवर आपण भरभरून लिहितो, मालडब्यांच्या वाट्याला दोन ओळी येतात. या डब्यावर मला सविस्तर लिहायचं होतं. कुठल्या गावात कुठली द्राक्षं लागणार, कुठल्या बागा मोडणार आणि शहरातला कामगार जेवताना काय पिणार, हे ठरवण्यात या डब्याचा आणि त्याच्या भाड्याचा वाटा कोणत्याही नामांकित वाइनमेकरपेक्षा मोठा होता, असं माझं ठाम मत आहे.

लांगदॉकचंच घ्या. भूमध्य समुद्राकाठचा हा प्रदेश: माँपेलिए, बेझिए, नार्बन, सेत. ऊन भरपूर, द्राक्षं मुबलक, पण पॅरिस सातशे-साडेसातशे किलोमीटर दूर. १६८१ मध्ये खुला झालेला मिदी कालवा होता, पण तो पश्चिमेला तुलूझकडे जातो, त्याचा पॅरिसला माल नेण्यासाठी थेट उपयोग नाही. घोडागाडीने पिंपं न्यायची तर भाडं डोईजड, आणि उन्हात वाटेतच माल आंबट होण्याची भीती. म्हणून तिथले शेतकरी बरीचशी वाइन उर्ध्वपातन करून ब्रँडी काढत. आकारमान घटतं, माल टिकतो, भाडं परवडतं.

१८३९ मध्ये माँपेलिए-सेत हा छोटासा रेल्वेमार्ग सुरू झाला. १८५० च्या दशकात तो भाग पॅरिसच्या जाळ्याशी जोडला गेला आणि १८५७ मध्ये बोर्दो-सेत मार्गही पुरा झाला. तिथून सगळा हिशेब फिरला. वाइन आहे तशीच पाठवता येऊ लागली. डोंगरउतारावरच्या बागा सपाटीवर उतरल्या. आरामों नावाची जात जिकडे तिकडे लागली: उत्पन्न प्रचंड, रंग फिका, अल्कोहोल कमी. तिकडे पॅरिसच्या आसपास आर्जांतॉय, सुरेन अशा गावांमधल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा मोडत गेल्या. थंड हवेत कष्टाने पिकवलेली त्यांची आंबटसर वाइन दक्षिणेच्या स्वस्त मालापुढे टिकली नाही.

सुरुवातीला नेहमीची सुटी पिंपंच मालडब्यात चढवत. बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं, दक्षिणेकडची पाचशे-सहाशे लिटरची. प्रत्येक पिंप लोळवत चढवायचं, लोळवत उतरवायचं, रिकामं झालं की परत पाठवायचं. यात वेळ जाई, पिंपं फुटत, गळत. त्यातून पिंपच डब्याला कायमचं जोडायची कल्पना पुढे आली. बी-फूद्रमध्ये दोन्ही मिळून साधारण दहा-पंधरा हजार लिटर माल मावे, कारण त्या काळच्या दोन आसांच्या डब्याला त्याहून फार जास्त वजन झेपत नसे. वर भरण्यासाठी झाकण, खाली तोटी. असे बरेच डबे रेल्वे कंपनीचे नसून वाइनच्या व्यापाऱ्यांचे किंवा डबे भाड्याने देणाऱ्यांचे असत. त्यामुळे पिंपावर मालकाचं नाव आणि गाव ठळक अक्षरांत रंगवलेलं दिसतं. जुन्या फोटोंमध्ये ही नावं वाचत बसणं हा माझा छंदच आहे.

इथे रेल्वेवाले आहेत, द्राक्षवाले आहेत, परदेशात राहणारेही आहेत. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा.

निफाडकर

रुळवेडा, फार आवडलं. आमच्याकडे द्राक्षाचा हंगाम आला की पहिला प्रश्न गाडीचा आणि भाड्याचाच असतो, त्यामुळे तुमचं म्हणणं लगेच पटलं.

एक विचारतो. १८६० नंतर फ्रान्समध्ये फायलोक्सेरा आला. मुळांवरची ती बारीक कीड, जिने बागाच्या बागा वाळवल्या. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर युरोपीय जातींचं कलम करण्याचा. आज आपण महाराष्ट्रात डॉगरिज खुंटावर थॉमसन किंवा दुसरी जात बांधतो. आपलं कारण वेगळं, क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई. तरी अमेरिकन खुंटावर कलम बांधायची ही वाट त्याच संकटाने रुळवली. तर बागाच वाळल्या तेव्हा या डब्यांनी काय वाहिलं?

रुळवेडा

निफाडकर, नेमक्या जागी बोट ठेवलंत.

ही कीड १८६३ च्या सुमारास गार परगण्यात पहिल्यांदा दिसली आणि १८६८ मध्ये माँपेलिएच्या प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिला मुळांवर पकडलं. तो सगळा भाग पीएलएम रेल्वेचा, म्हणजे पॅरिस-ल्याँ-भूमध्य कंपनीचा. या कंपनीचं वाइनच्या वाहतुकीतून मोठं उत्पन्न होतं. बागा गेल्या तर डबे रिकामे. म्हणून कंपनीचे प्रमुख पोलँ तालाबो स्वतः या लढाईत उतरले. जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून कीड मारायचा उपाय तेव्हा निघाला होता. पीएलएमने ते रसायन तयार करवून शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था उभी केली, ते कसं वापरायचं याची प्रात्यक्षिकं केली. हाताने जमिनीत खुपसायचं इंजेक्टर असे. उपाय महागडा, रसायन ज्वालाग्राही आणि विषारी, आणि दरवर्षी पुन्हा करावा लागे, म्हणून अखेर खुंटानेच बाजी मारली. पण एका रेल्वे कंपनीने पिकावरच्या किडीविरुद्ध एवढी मोहीम उघडावी, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आणि डबे? ते रिकामे राहिले नाहीत. फ्रान्समधली तूट भरायला वाइन बाहेरून आली. स्पेन आणि इटलीतून आली, आणि मग अल्जीरियातून. तिथे फ्रेंच वसाहतवाल्यांनी स्थानिकांच्या हातून गेलेल्या जमिनींवर बागा लावल्या, जिथली बहुसंख्य जनता धर्माने वाइन पीतच नव्हती. ओरान आणि अल्जीयर्सहून माल जहाजाने सेत बंदरात उतरे. अल्जीरियाची गडद, जोरकस वाइन आरामोंच्या फिक्या वाइनमध्ये मिसळली की पॅरिसला हवा तसा माल तयार. पुढे फ्रान्सच्या बागा कलमांवर पुन्हा उभ्या राहिल्या, तरी अल्जीरियाचा माल थांबला नाही. १९३० च्या दशकात अल्जीरिया जगातला सर्वांत मोठा वाइन निर्यातदार होता. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांत तो व्यापार कोसळला.

मिरज_जंक्शन

हा धागा वाचताना मला २०१६ चा एप्रिल आठवला. लातूरला पाणी न्यायला आमच्या मिरजेतून ‘जलदूत’ गाडी निघाली होती. पहिली गाडी दहा टाकी-डब्यांची, सुमारे पाच लाख लिटर पाणी, १२ एप्रिलला लातूरला पोचली. नंतर पन्नास डब्यांच्या गाड्या गेल्या. पण त्याआधी खरं काम झालं ते कोटाच्या वर्कशॉपमध्ये. डबे वाफेने आतून धुऊन पिण्याच्या पाण्यालायक केले गेले. टाकी-डब्याची निम्मी गोष्ट ही धुण्याचीच असते. आत आधी काय होतं, त्याचा वास गेला का, तळाशी काय साचलंय.

पोलादी टाकीत वाफ सोडता येते. लाकडाचं काय करत असतील? लाकूड तर सगळं शोषून घेतं. लाल वाइन नेलेल्या पिंपातून दुसऱ्या खेपेला पांढरी कशी नेणार?

मुरवण

याचं उत्तर मी देते. मी घरी लहान प्रमाणावर फळांची वाइन करते आणि जुन्या पिंपांच्या निगराणीबद्दल वाचत असते.

लाकडी पिंपाचे शत्रू दोन. एक म्हणजे कोरडेपणा. पिंप रिकामं राहिलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पुढच्या वेळी भरलं की माल झिरपायला लागतो. म्हणून पिंप भरण्यापूर्वी पाण्याने भिजवून फळ्या फुगवून घ्याव्या लागतात. दुसरा शत्रू व्हिनेगर करणारे जिवाणू आणि बुरशी. ओलं, रिकामं, हवा शिरलेलं पिंप म्हणजे त्यांना आमंत्रण. त्यावर जुना आणि आजही वापरातला उपाय म्हणजे गंधकाची वात. पेटवून पिंपात सोडायची आणि तोंड बंद करायचं. धुराने आतली हवा मारक होते. गरम पाण्याने खळबळून धुणं, आत जमलेले टार्टरचे खडे खरवडणं, हेही आलंच. आणि लाल वाइनचं पिंप पुन्हा लालसाठीच राखायचं. रंग एकदा लाकडात शिरला की पांढऱ्या वाइनला तो लागणारच.

आणखी एक. पिंप काठोकाठ भरणं फार महत्त्वाचं. अर्धवट भरलं तर गाडीच्या हिसक्यांनी वाइन डुचमळते, हवेत मिसळते आणि खराब होते. शिवाय त्या हिंदकळण्याने डब्याचा तोलही जातो. लाकडाचा मात्र एक मोठा फायदा आहे: जाड ओक उन्हाचा ताव आत लवकर जाऊ देत नाही. उघडं पोलाद तापतं, आणि आतून लेप नसेल तर लोह वाइनमध्ये उतरतं, त्याने वाइन गढूळ होते, चव धातूसारखी लागते. म्हणूनच पोलादी डबे वाइनसाठी खऱ्या अर्थाने उपयोगी ठरले ते आतून काचेसारखा मुलामा किंवा दुसरा सुरक्षित लेप देता यायला लागल्यावर.

वाटेत वाइन बिघडते हे दुखणं एवढं मोठं होतं की १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने लुई पाश्चरला त्यावर अभ्यास करायला सांगितलं. वाइन पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवून जंतू मारण्याची पद्धत त्यातूनच आली. आपण रोज पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध घेतो, त्याचं मूळ असं वाइनच्या पिंपात आहे.

सेनतीर

पॅरिसकडून हजेरी. या डब्यांची शेवटची मुक्कामाची जागा म्हणजे बेर्सी. सेन नदीच्या उजव्या काठावर, शहराच्या पूर्वेला.

बेर्सीच का? कारण जकात. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसभोवती जकातवसुलीसाठी भिंत बांधली होती. वाइन भिंतीच्या आत आली की कर. बेर्सी भिंतीच्या बाहेर, नदीला लागून. मुंबईचे जकात नाके आणि त्यांच्या अलीकडे उभी राहिलेली गोदामं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र लगेच कळेल. व्यापाऱ्यांनी इथे वखारी घातल्या, आधी नदीतून येणाऱ्या मालासाठी, मग रेल्वेच्या. १८६० मध्ये बेर्सी पॅरिसला जोडलं गेलं, तरी इथला माल विकला जाईपर्यंत करमुक्त ठेवायची सोय चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात हा जगातला सर्वांत मोठा वाइनबाजार मानला जाई. दक्षिणेची वाइन इथे यायची, एकमेकींत मिसळली जायची, बाटल्यांत किंवा छोट्या पिंपांत भरून शहरभर जायची. रस्त्यांची नावं वाइनच्या गावांवरून, वखारींच्या मधून रूळ, वर झाडांची सावली.

आज तिथे अर्थमंत्रालय आहे, १९८४ मध्ये उघडलेलं भलं मोठं क्रीडागृह आहे, बाग आहे. कूर सेंतेमिल्यों नावाच्या गल्लीत जुन्या वखारींची रांग मात्र जपली आहे. आता तिथे दुकानं आणि उपाहारगृहं आहेत, आणि फरसबंदीत जुने रूळ तसेच आहेत. लोक त्यावरून कॉफीचे कप घेऊन चालतात. कुणी पॅरिसला आलं की आयफेलनंतर मी इथे नेतो आणि खाली बघायला सांगतो. चौदा नंबरची मेट्रो थेट तिथे थांबते.

जुनीपानं

दोन प्रसंग जोडतो, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

पहिला १९०७ चा. लांगदॉकमध्ये एकच पीक, त्यात साखर घालून केलेल्या नकली वाइनचा सुळसुळाट, बाजार कोसळलेला. शेतकऱ्याला खर्चही सुटेना. आर्जेलिए गावचा मार्सेलँ अल्बेर, स्वतः बागायतदार आणि कॅफेवाला, याने आंदोलन उभं केलं. दर रविवारी सभा, आणि दर सभेला आधीपेक्षा जास्त लोक, आगगाड्या भरभरून. ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांहून जास्त माणसं जमली असा अंदाज आहे. पुढे सैन्य आलं, नार्बनमध्ये गोळीबारात माणसं गेली, आणि त्याच भागातल्या पोरांची भरती असलेल्या १७ व्या पलटणीने बंड केलं. अल्बेर पंतप्रधान क्लेमांसोंना भेटायला गुपचूप पॅरिसला गेला. क्लेमांसोंनी त्याला परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट दिली, आणि ही गोष्ट पत्रकारांपर्यंत पोचवली. त्या एका नोटेने गावाकडे त्याची पत गेली. ज्या रेल्वेने लांगदॉकला एका पिकावर आणून ठेवलं, त्याच रेल्वेच्या भाड्यात त्यांचा पुढारी संपला. मला हा प्रसंग फार लागतो.

दुसरा पहिल्या महायुद्धाचा. १९१४ मध्ये दक्षिणेच्या बागायतदारांनी लष्करी रुग्णालयांसाठी २ लाख हेक्टोलिटर, म्हणजे दोन कोटी लिटर वाइन दान दिली. मग सैन्याने शिधाच बांधला: आधी दर सैनिकाला रोज पाव लिटर, १९१६ पासून अर्धा लिटर, पुढे त्याहूनही जास्त. सैनिक तिला ‘पिनार’ म्हणत. आता हिशेब करा. लाखो सैनिक, रोज अर्धा लिटर. एका बी-फूद्रमध्ये पंधरा हजार लिटर धरले तरी दहा लाख माणसांना रोज तेहतीस-चौतीस डबे लागतात. पिंपांचे डबे लष्कराने ताब्यात घेतले आणि दक्षिणेतून आघाडीकडे नुसत्या वाइनच्या गाड्या धावू लागल्या. चांगली-वाईट, लांगदॉकची, अल्जीरियाची, सगळी एकत्र मिसळलेली. उत्तरेच्या ज्या शेतकरी मुलांनी आयुष्यात सायडर (सफरचंदाचं मद्य) किंवा बियरच प्यायली होती, त्यांना लाल वाइनची सवय खंदकात लागली.

स्पष्टवक्ती

सगळं वाचलं. माहिती उत्तम. पण मला एक खटकतंय. तुम्ही सगळे या डब्याच्या प्रेमात आहात. या डब्याने झालं काय, तर हजार गावांच्या हजार चवी गेल्या आणि एक पाणचट लाल मिश्रण उरलं. पॅरिसजवळच्या बागा मेल्या, दक्षिणेत एकच पीक झालं, आणि भाव पडल्यावर १९०७ झालं. अल्जीरियात तर दुसऱ्यांच्या जमिनीवर. ही वाहवा करण्याची गोष्ट आहे का?

रुळवेडा

स्पष्टवक्ती, तुम्ही म्हणता ते नुकसान मला मान्यच आहे, आणि मूळ लेखात मी आरामोंचं आणि मोडलेल्या बागांचं मुद्दाम लिहिलं ते त्यासाठीच. पण दुसरी बाजूही मोठी आहे. एका गिरणीकामगाराला रोज जेवणाबरोबर परवडेल अशी वाइन मिळाली, ती या डब्यामुळे. तेव्हा शहरातलं पाणी भरवशाचं नव्हतं. आणि दर्जा घसरण्याला डबा जबाबदार, हे मला पटत नाही. ज्याने स्वस्त मालाची मागणी केली त्याला स्वस्त माल मिळाला. त्याच रुळांवर दुसरीकडे वेगळं घडलं. रियोहाबद्दल कुणीतरी लिहा ना.

उंडगी

मी लिहिते, कारण आरो गाव मी मनसोक्त फिरले आहे. स्पेनमधल्या रियोहा प्रांतातलं हे गाव. १८६३ मध्ये तुदेला-बिल्बाओ रेल्वे इथून गेली. फायलोक्सेराने फ्रान्सच्या बागा वाळायला लागल्यावर बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत इथे आले. रियोहापर्यंत ती कीड शतकाच्या अगदी शेवटी पोचली, त्यामुळे मधली दोन-अडीच दशकं या गावाची भरभराटीची होती. व्यापाऱ्यांनी वाइनरी कुठे उभारल्या? गावात नाही, थेट स्टेशनला लागून. १८७७ मध्ये लोपेस दे एरेदिया, १८७९ मध्ये कूने, १८९० मध्ये ला रियोहा आल्ता. आजही त्या भागाचं नाव ‘स्टेशनची वस्ती’ असंच आहे आणि शंभर वर्षांहून जुन्या इतक्या नामांकित वाइनरी इतक्या दाटीने मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. रुळांपासून तळघरापर्यंत पायी दोन मिनिटं. पिंपं भरली की तिथून बिल्बाओ बंदर, तिथून जहाजाने बोर्दो. बोर्दोच्या लोकांनी येताना छोट्या ओक पिंपांत वाइन मुरवायची पद्धत आणली आणि रियोहाची ओळखच त्यातून घडली. तेव्हा स्पष्टवक्ती, रेल्वेमुळे चव जाते तशी नवी चव येतेही.

स्पष्टवक्ती

उंडगी, हे माहीत नव्हतं, आवडलं. पण रियोहाची वाइन छोट्या पिंपांत मुरली आणि तिला स्वतःची ओळख मिळाली. लांगदॉकचा माल टाकीत ओतला आणि बेनाव झाला. माझा राग त्या बेनाव होण्यावर आहे. पिकवणाऱ्याचं नाव बाटलीवर यायला त्यांना किती दशकं वाट पाहावी लागली!

फ्रेस्नोवाली

नावाचा मुद्दा निघालाच आहे तर कॅलिफोर्नियाची गोष्ट ऐका. इथे नेमकं तेच झालं, आणि शेवट निराळा झाला.

१९२० ते १९३३ दारूबंदी. वाइनरी बंद पडल्या, पण घरी ठरावीक प्रमाणात फळांचा रस करायला कायद्यात मुभा होती. मग काय, कॅलिफोर्नियातून ताजी द्राक्षंच बर्फाच्या डब्यांतून न्यूयॉर्क, शिकागोला जाऊ लागली. तिथले इटालियन कुटुंबवाले यार्डात येऊन पेट्या उचलत आणि घरी वाइन करत. बंदीच्या काळात इथलं द्राक्षक्षेत्र उलट वाढलं. पण लागली ती जाड सालीची, प्रवास सोसणारी, गडद रंगाची आलिकांत बुशे जात. चांगल्या वाइनच्या नाजूक जाती उपटल्या गेल्या. रुळवेडांचं म्हणणं इथेही खरं ठरतं: गाडीत काय टिकेल त्यावर बागेत काय लावायचं हे ठरलं.

१९३३ नंतर वाइन पुन्हा खुली झाली तेव्हा ती टाकी-डब्यांतून पूर्वेला जायला लागली. हे पोलादी डबे, आतून लेप दिलेले, आणि अनेक कप्प्यांचे. सहा-सहा कप्प्यांचेही होते, प्रत्येकाला वेगळं झाकण, म्हणजे एकाच डब्यात पोर्ट, शेरी, मस्कटेल असे निरनिराळे प्रकार जात. डब्याच्या माथ्यावर ओळीने उभी झाकणं, हीच त्यांची खूण. पूर्वेकडचे स्थानिक बाटलीवाले ती वाइन आपापल्या लेबलाखाली विकत. कॅलिफोर्नियाच्या वाइनरीचं नाव कुठेच नाही. स्पष्टवक्ती म्हणतात तसं बेनाव.

मग दुसरं महायुद्ध आलं. टाकी-डबे युद्धाच्या मालासाठी लागले, वाइनला मिळेनासे झाले. नाइलाजाने वाइनरींनी स्वतः बाटल्या भरायला सुरुवात केली आणि बाटल्या साध्या बंद डब्यांतून पाठवल्या. बाटली घरी भरली म्हणजे लेबलही घरचं. मोठमोठ्या मद्य कंपन्यांनी तेव्हाच वाइनरी विकत घेतल्या: शेन्लीने फ्रेस्नोची रोमा, नॅशनल डिस्टिलर्सने इटालियन स्विस कॉलनी. इथल्या वाइनला स्वतःचं नाव मिळण्यात डब्यांच्या टंचाईचा मोठा हात आहे.

जाता जाता. पेट्री कंपनीला रेल्वेचं भाडं जड वाटायचं म्हणून त्यांनी चक्क जहाज काढलं, १९५७ मध्ये. ‘अँजेलो पेट्री’. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, सुमारे २५ लाख गॅलन वाइन, स्टॉकटनहून पनामा कालव्यातून पूर्व किनाऱ्याला. ते जहाज मुळात एक तेलवाहू टँकर होतं जे १९४६ मध्ये समुद्रात दुभंगलं. उरलेल्या मागच्या अर्ध्या भागातल्या यंत्रांनी अलास्कातल्या अँकरेज शहराला काही वर्षं वीज पुरवली, आणि मग त्याला नवा पुढचा भाग जोडून वाइनचं जहाज केलं. १९६० मध्ये गोल्डन गेटजवळ वादळात ते भरकटलंही होतं, पण वाचलं.

निफाडकर

डब्यांच्या टंचाईतून नाव मिळालं! आमच्याकडे कांद्याला रेक (मालगाडी) मिळाला नाही की कांदा सडतो. इथे वाइनला डबा मिळाला नाही म्हणून भलं झालं. फ्रेस्नोवाली, हे सगळं आमच्या बागायतदार गटात वाचून दाखवणार आहे.

ओ_गेज

मी खेळण्यातल्या आगगाड्या जमवतो आणि मॉडेल बनवतो. या डब्यांना खेळण्यांच्या जगात फार मोठं स्थान आहे. ब्रिटिश हॉर्नबी कंपनीने १९३० च्या सुमारास एका आणि दोन पिंपांचे पत्र्याचे वाइन-डबे काढले होते, फ्रेंच धर्तीचे. जर्मन मार्क्लिननेही पिंपांचे डबे काढले. ज्यांनी खरा डबा कधी पाहिला नाही अशा कितीतरी मुलांना तो खेळण्यातून ठाऊक झाला.

सध्या मी लाकडाचा बी-फूद्र करायला घेतलाय. खरे डबे कुठे पाहायला मिळतात? आणि फळ्या, पट्ट्या, रंग यांबद्दल काय सांगाल?

रुळवेडा

ओ_गेज, फ्रान्समध्ये म्यूलूझचं रेल्वे संग्रहालय गाठा. जुने मालडबे तिथे इंजिनांच्या बरोबरीने मांडलेले आहेत आणि पिंपांचा डबाही आहे. लाकडी पिंपं दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने गेली. आधी लेप दिलेल्या पोलादी टाक्या आल्या, मग ट्रक आले, आणि वाइनरीतच बाटली भरायची पद्धत रुळली तेव्हा बेर्सीही ओस पडलं. लाकूड उघड्यावर कुजतं, पट्ट्या भंगारात विकल्या जातात, म्हणून आज फार थोडे डबे शिल्लक आहेत. सांगाडा जुना आणि पिंपं नव्याने बांधलेली, असे काही डबे हौशी मंडळांनी उभे केलेत आणि मला ते तितकेच मोलाचे वाटतात. पिंप बांधणारा कारागीर अजून हयात आहे तोवरच हे करता येईल.

मॉडेलसाठी: फळ्या मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या ठेवा, नाहीतर पिंप नळकांड्यासारखं दिसेल. पट्ट्या टोकांकडे दाट, पोटाकडे विरळ. पिंप सांगाड्यावर नुसतं टेकवू नका, खाली लाकडी आडणी हवी आणि वरून खाली ताणलेल्या सळ्या हव्यात, त्यांच्या टोकांना नट. ब्रेकमनचं खोपटं फक्त एका बाजूला. झाकणाखाली पिंपाच्या पोटावर जांभळट ओघळ नक्की दाखवा, भरताना सांडलेल्या वाइनचे. आणि मालकाचं नाव रंगवाल तेव्हा गावाचं नावही लिहा, बेझिए किंवा सेत. १९२८ पूर्वीचा डबा असेल तर सेतचं स्पेलिंग वेगळं होतं, तेव्हा अक्षरं रंगवण्याआधी साल पक्कं करा आणि मला विचारा.

ओ_गेज

साल १९१२ धरतो, म्हणजे स्पेलिंग जुनं. आडणीचे आणि सळ्यांचे फोटो असतील तर इथेच टाका. फळ्या कापायला रविवारी बसतोय.